इंग्रजी येते, मग निबंधातच बँड का अडतो?

श्रवण 8, वाचन 7.5, संभाषण 7 आणि लेखन 6. आयल्ट्सचा असा निकाल हातात पडला की घरात एकच चर्चा सुरू होते. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले, ऑफिसात दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहितो, निबंध तर शाळेपासून लिहीत आलो. मग नेमके लेखनातच गाडे कुठे अडले?

चारही विभागांची सरासरी काढली तर वरच्या निकालाचा एकूण बँड 7 येतो, आणि तो चांगलाच आहे. पण अनेक ठिकाणी एकूण बँडबरोबर प्रत्येक विभागाचा बँडही पाहतात. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची असेल, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला श्रवण, वाचन आणि संभाषणात 7 आणि लेखनात 6.5 लागतात. म्हणजे या निकालाची परिचारिका फक्त अर्ध्या बँडने मागे राहते. 2018 च्या अखेरीपर्यंत तर लेखनातही 7 ची अट होती. कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज करणाऱ्यांनाही बहुधा लेखनाच्या आकड्यानेच घाम फुटतो.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी अवघड शब्द पाठ करणे. तो उपाय सहसा लागू पडत नाही, कारण अडचण शब्दसंग्रहाची नसतेच. या विभागात नेमके काय मोजले जाते, हे माहीत नसल्यामुळे चांगले इंग्रजी येणाऱ्यांचेही गुण जातात.

परीक्षेचे स्वरूप

इंटरनॅशनल इंग्लिश लँग्वेज टेस्टिंग सिस्टीम, म्हणजेच आयईएलटीएस किंवा आयल्ट्स, या नावाने ही परीक्षा 1989 पासून घेतली जाते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज यांची ती संयुक्त परीक्षा आहे. तिचे दोन प्रकार आहेत. उच्च शिक्षणासाठी आणि काही व्यवसायांतल्या नोंदणीसाठी ॲकॅडेमिक, तर स्थलांतर आणि इतर कामांसाठी जनरल ट्रेनिंग.

लेखनाला एकूण 60 मिनिटे मिळतात आणि दोन प्रश्न सोडवायचे असतात. पहिल्यात ॲकॅडेमिकवाल्यांना आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया शब्दांत मांडावी लागते, तर जनरलवाल्यांना पत्र लिहावे लागते. त्यासाठी किमान 150 शब्द. दुसरा प्रश्न निबंधाचा, किमान 250 शब्दांचा. त्याला टास्क टू म्हणतात आणि तो दोन्ही प्रकारांत असतो.

लेखनाच्या बँडमध्ये टास्क टूचा वाटा टास्क वनच्या दुप्पट असतो. तरीही पहिला प्रश्न आधी येतो म्हणून अनेक जण त्यातच अर्धा तास घालवतात. वीस मिनिटे झाली म्हणून कोणी घंटा वाजवत नाही, वेळेची वाटणी आपली आपणच करायची असते. पहिल्या प्रश्नाला 20 आणि निबंधाला 40 मिनिटे, ही शिफारस प्रश्नपत्रिकेतच असते.

गुण कशाचे मिळतात?

निबंध चार निकषांवर तपासला जातो आणि चारही निकषांचे वजन सारखे असते.

पहिला निकष, विचारलेल्या प्रश्नाला किती पूर्ण उत्तर दिले. दुसरा, विचारांची मांडणी आणि त्यांची एकमेकांशी जोडणी. तिसरा, शब्दांची व्याप्ती आणि अचूकता. चौथा, व्याकरणातले वैविध्य आणि अचूकता.

आता तयारीत आपला वेळ कुठे जातो ते पाहू. शब्दांच्या याद्या, म्हणी, व्याकरणाचे स्वाध्याय, हे सगळे तिसऱ्या आणि चौथ्या निकषासाठी. पहिल्या दोन निकषांकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही आणि निम्मे गुण तर तिथेच आहेत.

तुमचे मत परीक्षकाला पटले की नाही, यावर गुण अवलंबून नसतात. तुमच्या सामान्यज्ञानाचीही ही परीक्षा नाही. उदाहरणे स्वतःच्या माहितीतून किंवा अनुभवातून द्या, असे प्रश्नपत्रिकेतच सांगितलेले असते. परीक्षक पाहतो ते एवढेच, की या माणसाला इंग्रजीत एक भूमिका घेऊन ती शेवटपर्यंत नीट मांडता येते का.

विषय वेगळा, प्रश्न वेगळा

सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे. एक नमुना प्रश्न घेऊ:

*मोठ्या शहरांतली वाहतूककोंडी कमी करण्यासाठी शहराच्या मध्यभागात खासगी गाडी आणणाऱ्यांकडून सरकारने शुल्क घ्यावे, असे काहींचे मत आहे. तुम्ही याच्याशी कितपत सहमत आहात?*

हा प्रश्न वाचला की बहुतेकांच्या डोक्यात ‘ट्रॅफिक’ हा विषय येतो. मग निबंध सुरू होतो: लोकसंख्या वाढली, गाड्या वाढल्या, प्रदूषण वाढले, तापमान वाढले, सरकारने मेट्रो बांधावी, लोकांनी एकाच गाडीतून मिळून जावे, झाडे लावावीत. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, पण शुल्काबद्दल एक अक्षरही नाही. विषयावर निबंध झाला, प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले. अशा निबंधाचे इंग्रजी कितीही चांगले असो, पहिल्या निकषावर तो खाली येतो.

ही सवय आपल्याला शाळेने लावली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘माझा आवडता छंद’ या निबंधांत विषयाभोवती मोकळेपणाने फिरायची मुभा असते. सुरुवातीला सुविचार, मध्ये वर्णन, शेवटी संदेश, की निबंध झाला. टास्क टूमध्ये अशी मुभा नसते. इथे एक ठराविक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याचेच उत्तर हवे असते.

म्हणून पेन उचलण्याआधी प्रश्नाचे तुकडे करावेत. वरच्या प्रश्नात ते असे पडतात: मोठी शहरे, कोंडी कमी करणे, मध्यभाग, खासगी गाडी, शुल्क आणि शेवटचे ‘कितपत’. यातल्या ‘शुल्क’ आणि ‘कितपत’ या दोन शब्दांवर सगळा निबंध उभा राहतो. मग भूमिका एका वाक्यात ठरवायची, उदाहरणार्थ: शुल्क घ्यावे, पण बस आणि लोकलची सोय आधी पुरेशी असेल तरच. हे वाक्य प्रस्तावनेत आले पाहिजे, मधले परिच्छेद त्यालाच आधार देणारे हवेत आणि समारोपात तीच भूमिका टिकली पाहिजे. प्रस्तावनेत ‘सहमत’ आणि समारोपात ‘दोन्ही बाजू बरोबर’ असे झाले की भूमिका स्पष्ट नाही असा शेरा बसतो.

प्रश्नांचे साचे मोजकेच आहेत: सहमत की असहमत, दोन्ही बाजू मांडून आपले मत, फायदे आणि तोटे, कारणे आणि उपाय, किंवा एकापाठोपाठ दोन थेट प्रश्न. दोन्ही बाजू मांडायला सांगितल्या असतील तर नावडत्या बाजूलाही पुरेशी जागा द्यावी लागते. दोन प्रश्न असतील तर दोन्हींची उत्तरे हवीत. दुसऱ्या प्रश्नाला एकाच वाक्यात उरकले, तर उत्तर अर्धवट धरले जाते.

परिच्छेद म्हणजे पत्ता सांगणे

दुसरा निकष मांडणीचा. अनोळखी माणसाने पत्ता विचारला तर आपण म्हणतो, इथून सरळ जा, मारुतीच्या देवळाशी डावीकडे वळा, पुढे किराणा दुकान लागेल, त्याच्या समोरचा वाडा. प्रत्येक खूण आधीच्या खुणेवरून पुढे नेते. मधले वळण सांगायचे राहिले तर माणूस भरकटतो आणि एकदम चार रस्ते सांगितले तर जागीच गोंधळून उभा राहतो. परिच्छेदही असाच वाचकाला एका मुद्द्यापासून त्याच्या निष्कर्षापर्यंत नेतो.

शुल्काच्या बाजूने लिहिलेला हा एक परिच्छेद पाहा. निबंध इंग्रजीत असला, तरी विचाराचा धागा दिसावा म्हणून मराठीत देत आहे:

*पहिली गोष्ट म्हणजे, शुल्कामुळे कोंडी कमी होईल. शिवाय प्रदूषणही घटेल. तसेच सरकारला पैसे मिळतील. त्याचबरोबर लोकांचे आरोग्य सुधारेल.*

चार वाक्यांत चार मुद्दे आले आणि एकही पुढे गेला नाही. कोंडी कमी का होईल, कशी होईल, कोणाची होईल, यातले काहीच कळत नाही. आता हा दुसरा पाहा:

*मध्यभागात जाण्यासाठी पैसे मोजावे लागले की माणूस प्रत्येक फेरीचा विचार करतो. ज्याला बाजारातून एखादीच वस्तू आणायची आहे, तो बसने जातो किंवा दोन-तीन कामे एकाच फेरीत उरकतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सणासुदीला अनेक गाड्या केवळ पार्किंगच्या शोधात फिरत असतात. टाळता येण्यासारख्या अशा फेऱ्या कमी झाल्या, तर ज्यांना गाडी आणावीच लागते त्यांचा रस्ता मोकळा होतो.*

इथे मुद्दा एकच आहे, पण त्याला कारण आहे, उदाहरण आहे आणि परिणाम आहे. शेवटचे वाक्य पुन्हा प्रश्नातल्या कोंडीकडे येते. सिंगापूरने असे शुल्क 1975 मध्ये आणि लंडनने 2003 मध्ये सुरू केले, हे माहीत असेल तर अवश्य लिहावे. नसेल तर लक्ष्मी रस्ता पुरेसा आहे. आकडे रचून लिहिण्याची किंवा ‘एका संशोधनानुसार’ असे मोघम काही घुसडण्याची गरज नाही.

जोडशब्दांबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करायला हवा. फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोर, इन ॲडिशन हे शब्द प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला बसवले की निबंध आपोआप जोडला जातो, असे अनेकांना वाटते. गुणांच्या अधिकृत वर्णनात असा यांत्रिक वापर 6 बँडचे लक्षण म्हणून नोंदवला आहे. वरच्या बँडमध्ये ही जोडणी वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. विचारच एकातून दुसरा निघत असेल, तर त्याला खिळे ठोकावे लागत नाहीत.

शब्द मोठे नव्हे, नेमके

मराठीत ‘करणे’ या एका क्रियापदावर कितीतरी कामे भागतात. इंग्रजीत प्रगती असेल तर ‘मेक प्रोग्रेस’, संशोधन असेल तर ‘डू रिसर्च’ किंवा ‘कंडक्ट रिसर्च’, गुन्हा असेल तर ‘कमिट अ क्राइम’. कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद बसते, हे प्रत्येक वेळी वेगळे शिकावे लागते. शब्दांच्या अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणतात आणि शब्दसंपदेचा कस लागतो तो याच ठिकाणी. म्हणून नवा शब्द एकटा पाठ न करता त्याच्या जोडीदारासह वहीत उतरवावा.

‘प्लेथोरा’, ‘मायरियड’ असे भारदस्त शब्द चुकीच्या जागी पडले, तर लिहिणाऱ्याला ते नीट माहीत नाहीत हेच दिसते. त्याऐवजी विषयाचे नेहमीचे शब्द पक्के करावेत. वाहतुकीवर लिहिताना ‘कंजेशन’, ‘कम्यूटर’, ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट’, ‘पीक अवर्स’ हे शब्द बिनचूक आले, तर ‘प्रॉब्लेम’ हा शब्द नऊ वेळा लिहावा लागत नाही.

मराठीतून इंग्रजीत डोकावणाऱ्या चुका

ज्याची मातृभाषा मराठी आहे, त्याच्या इंग्रजीत काही चुका ठरलेल्या असतात. त्यांची कारणे मराठीच्या रचनेत आहेत. कारण कळले की चूक पकडणे सोपे जाते.

मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ अशी उपपदे नाहीत. त्यामुळे ‘गव्हर्नमेंट शुड बिल्ड मेट्रो’ हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. तिथे ‘द गव्हर्नमेंट’ आणि ‘अ मेट्रो’ हवे.

मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच. म्हणून आपण इंग्रजीत ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करतो आणि मध्ये ‘बट’ही घालतो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच चालतो. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ या जोडीचेही तेच.

‘च्याबद्दल चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस अबाउट’ येते. इंग्रजीत ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. ‘वन ऑफ द’ नंतर अनेकवचन हवे, म्हणजे ‘रीझन’ नव्हे, ‘रीझन्स’. ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘ॲडव्हाइस’ या शब्दांना मात्र ‘एस’ लागत नाही.

आणखी एक सवय सरसकट विधानांची आहे. ‘आजची सगळी तरुण पिढी मोबाइलच्या आहारी गेली आहे’ असे आपण सहज बोलून जातो. निबंधात ‘सगळी’ऐवजी ‘मेनी’, ‘टेंड टू’, ‘मे’ असे मोजूनमापून लिहिले, तर विधान टिकाऊ होते. अति सरसकट विधाने पहिल्या निकषात गुण कमी करतात.

पाठ केलेला निबंध

बाजारात ‘कोणत्याही विषयावर चालेल’ असे साचे मिळतात. त्यांची सुरुवात ठरलेली असते: या आधुनिक युगात अमुक हा ज्वलंत चर्चेचा विषय बनला आहे. अशी वाक्ये प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाहीत. प्रशिक्षित परीक्षक ती लगेच ओळखतो, आणि त्यांच्यानंतर उमेदवाराचे स्वतःचे वाक्य आले की भाषेतली तफावत उघडी पडते. संपूर्ण उत्तर पाठ केलेले असल्याचा पुरावा मिळाला तर 0 बँड देण्याची तरतूद अधिकृत वर्णनातच आहे.

चार परिच्छेदांचा आराखडा लक्षात ठेवणे मात्र योग्यच: प्रस्तावना, दोन मुख्य परिच्छेद, समारोप. आराखडा ठरलेला असू द्यावा, वाक्ये मात्र त्या दिवशीच्या प्रश्नातून सुचली पाहिजेत.

चाळीस मिनिटांचा हिशेब

पहिली सहा-सात मिनिटे प्रश्न फोडणे, भूमिका ठरवणे आणि दोन मुद्दे टिपणे यांत घालवावीत. ही मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात, पण पुढची पंचवीस-सव्वीस मिनिटे लिहिताना तीच वाट दाखवतात. शेवटची सात-आठ मिनिटे तपासणीला हवीत. तपासताना सगळे एकदम शोधू नये. एका वाचनात उपपदे, दुसऱ्यात कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ, असे नेमून घ्यावे.

शब्द 270 ते 290 च्या आसपास ठेवावेत. 250 पेक्षा कमी भरले तर गुण जातात. चारशे लिहिल्याने जास्तीचे गुण मिळत नाहीत, उलट चुका वाढतात आणि तपासणीचा वेळ जातो. मुद्दे ठिपके देऊन न मांडता सलग परिच्छेदांत लिहावेत. संगणकावर परीक्षा असेल तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण स्पेलिंग कोणी सुधारून देत नाही. त्यामुळे सरावही स्पेलिंग सुधारणारी सोय बंद करूनच करावा.

सराव कसा करावा?

रोज नवा निबंध लिहिण्यापेक्षा आठवड्याला दोन लिहावेत आणि ते दोन्ही पुन्हा लिहावेत. पहिल्या लिखाणात काय चुकले ते जाणकाराकडून समजून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी तोच निबंध नव्याने लिहावा. सुधारणा होते ती या दुसऱ्या लिखाणात. लाल शाईने भरलेला कागद फायलीत लावून ठेवला तर तीच चूक पुढच्या निबंधात परत येते.

ज्या दिवशी निबंध लिहायला वेळ नसेल, त्या दिवशी नुसता आराखडा करावा. प्रश्न घ्यावा, सहा मिनिटांत भूमिका आणि दोन मुद्दे लिहावेत. अशाने पहिल्या दोन निकषांचा सराव रोज होतो. स्वतःच्या चुकांची एक यादी ठेवावी. बहुतेकांच्या यादीत त्याच पाच-सहा चुका फिरून फिरून येतात. तेवढ्या गेल्या तरी निबंध पुष्कळ स्वच्छ होतो.

आणि गुणांची अधिकृत वर्णने स्वतः वाचावीत. ती सर्वांसाठी मोफत उपलब्ध आहेत. महागडा वर्ग लावण्याआधी ती दोन-तीन पाने वाचली, तर तो वर्ग आपल्याला काय शिकवतो आहे आणि काय नाही, हे तरी कळते.

| थोडक्यात |
|---|
| • टास्क टूचे वजन टास्क वनच्या दुप्पट. वेळ 40 मिनिटे, शब्द किमान 250. |
| • चार निकष, वजन सारखे: प्रश्नाचे उत्तर, मांडणी, शब्द, व्याकरण. |
| • विषयावर लिहू नका, प्रश्नाचे उत्तर द्या. भूमिका एका वाक्यात ठरवा. |
| • एका परिच्छेदात एकच मुद्दा: कारण, उदाहरण, परिणाम. |
| • जोडशब्द गरजेपुरते. शब्द जोडीने शिका. |
| • ‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ नको. उपपदे वेगळ्या वाचनात तपासा. |
| • आराखडा पाठ असावा, वाक्ये नकोत. |
| • लिहिलेला निबंध सुधारून पुन्हा लिहा. |

लेखनाचा बँड अडला म्हणजे आपले इंग्रजीच कच्चे, असे मानून खचून जाऊ नका. पुढच्या परीक्षेसाठी नवे पुस्तक आणण्याआधी आपला जुना निबंध काढा आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: यातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते का? जिथे ‘नाही’ येईल, ते वाक्य खोडा आणि तिथूनच तयारी सुरू करा.